एनएफएलचे परदेशातले सामने: चाहते नेहमी विचारतात ते प्रश्न

मी अमेरिकेतल्या मिलवॉकीत सहा वर्षं नोकरी केली, तिथेच अमेरिकन फुटबॉलची आणि त्याच्या एनएफएल या व्यावसायिक लीगची गोडी लागली आणि ग्रीन बे पॅकर्स माझा संघ झाला. पुण्याला परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी रविवार संध्याकाळ आली की हात आपोआप वेळापत्रकाकडे जातो. ओळखीतले नवे-जुने चाहते परदेशातल्या सामन्यांबद्दल सारखे काही ना काही विचारत असतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. माहितीसोबत माझं मतही आहे, कारण या विषयावर माझं ठाम मत आहे.

परदेशातला सामना म्हणजे नुसता प्रदर्शनीय सामना ना?

नाही. पूर्वी तसं होतं. ३ ऑगस्ट १९८६ ला लंडनच्या वेम्बलीवर शिकागो बेअर्सनी डॅलस काउबॉइजना १७-६ असं हरवलं, पण तो हंगामापूर्वीचा सराव सामना होता. ‘अमेरिकन बोल’ नावाने असे सामने २००५ पर्यंत टोकियो, बर्लिन, बार्सिलोना, डब्लिन, सिडनी अशा अनेक शहरांत झाले. गुणतक्त्यात त्यांची नोंद नसायची. आता होतात ते खरेखुरे साखळी सामने. १७ सामन्यांच्या हंगामातला एक सामना हरलात, तर जानेवारीत प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या वेळी तो नक्की आठवतो.

पहिला खरा सामना कुठे झाला? लंडनला का?

बहुतेकांना तसंच वाटतं, पण मान मेक्सिको सिटीचा. २ ऑक्टोबर २००५ ला एस्तादिओ अस्तेकावर अॅरिझोना कार्डिनल्सनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना ३१-१४ असं हरवलं. प्रेक्षक होते १,०३,४६७. त्याच मैदानावर १९९४ मध्ये एका सराव सामन्याला १,१२,३७६ लोक आले होते. म्हणजे मेक्सिकोत हा खेळ कुणी नव्याने नेऊन रुजवला नाही, तिथे त्याचं वेड आधीपासूनच होतं.

लंडनची पाळी आली २८ ऑक्टोबर २००७ ला. पाऊस, चिखल आणि न्यूयॉर्क जायंट्सचा मायामी डॉल्फिन्सवर १३-१० असा विजय. सामना रटाळ झाला. पण त्याच हंगामात जायंट्सनी तोवर एकही सामना न हरलेल्या पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात नमवलं. त्यानंतर कोविडचं २०२० साल वगळता दरवर्षी लंडनला सामने होत आलेत.

मग घरचा सामना कुणाचा जातो?

सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे, म्हणून नीट सांगतो.

लीगमध्ये ३२ संघ, १६-१६ च्या दोन कॉन्फरन्स (गट), एनएफसी आणि एएफसी. पूर्वी हंगाम १६ सामन्यांचा होता, ८ घरी आणि ८ बाहेर. लंडनला ‘यजमान’ म्हणून जाणाऱ्या संघाच्या गावात मग ७ च सामने उरायचे. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला. एका वर्षी एका कॉन्फरन्सच्या संघांना ९ घरचे सामने मिळतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या. ज्यांच्याकडे ९, त्यांच्यातूनच परदेशातले यजमान निवडायचे असं लीगने ठरवलं. त्यामुळे, दरवर्षी लंडनला जाणारे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स सोडले तर, गावात निदान ८ सामने राहतातच. २०२४ मध्ये ईगल्स, बेअर्स, वायकिंग्ज, पँथर्स असे एनएफसीचे यजमान होते, तर २०२५ मध्ये सगळेच्या सगळे एएफसीचे. योगायोग नाही, हिशेब आहे.

हिशेब कागदावर चोख बसतो. पण सीझन तिकीट, म्हणजे हंगामातल्या सगळ्या घरच्या सामन्यांचं तिकीट काढणारा माणूस कागदावर जगत नाही. ज्या वर्षी त्याच्या वाट्याला ९ सामने यायचे, त्या वर्षी त्यातला एक विमानाने निघून जातो.

पॅकर्स सगळ्यांत शेवटी का गेले?

३२ संघांपैकी ३१ परदेशात साखळी सामना खेळून आले, तरी पॅकर्स घरीच. शेवटी ९ ऑक्टोबर २०२२ ला टॉटनहॅम हॉटस्परच्या मैदानावर ते जायंट्सविरुद्ध उतरले.

कारण समजायला गाव समजायला हवं. ग्रीन बेची वस्ती लाखाच्या थोडी वर आणि संघाच्या लॅम्बो फील्ड स्टेडियममध्ये बसतात ८१ हजार. संघाचा मालक कुणी धनाढ्य माणूस नाही, पाच लाखांवर भागधारक आहेत. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, फक्त आपला संघ असल्याचा अभिमान मिळतो. सीझन तिकिटांची प्रतीक्षायादी पिढ्यान्‌पिढ्या चालते. हॉटेलं, खानावळी, घराच्या अंगणात गाड्या लावायला जागा देणारी कुटुंबं, सगळ्यांचं वर्षाचं गणित त्या आठ-नऊ रविवारांवर असतं. असं गाव घरचा सामना सोडणार नाही. आणि पॅकर्स पाहुणे म्हणून गेले की त्यांच्या मागे हजारो लोक प्रवास करतात, तिकिटं हातोहात खपतात. त्यामुळे पॅकर्सविरुद्धचा सामना आपल्या गावातून बाहेर न्यायला दुसरे संघही तयार नसत. नववा घरचा सामना आला तेव्हाच ही कोंडी फुटली.

मिलवॉकीला याआधीचा एक इतिहास आहे. १९३३ ते १९९४ पॅकर्स आपले काही घरचे सामने मिलवॉकीतच खेळत. १९९५ पासून सगळे सामने ग्रीन बेला गेले, पण मिलवॉकीच्या जुन्या तिकीटधारकांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांच्यासाठी दरवर्षी लॅम्बोवरच्या ठराविक सामन्यांचं वेगळं ‘गोल्ड पॅकेज’ राखून ठेवलं, आजही आहे. माझ्या शेजारच्या आजोबांकडे ते होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियमची फाटकी अर्धी तिकिटं जपून ठेवलेली, प्रत्येकावर पेनाने गुण लिहिलेले, काही वडिलांच्या हस्ताक्षरात. एकदा त्यांनी तो डबा माझ्यापुढे उघडला आणि एकेक तिकीट टेबलावर मांडत गेले. बोलले फार थोडं. घरचा सामना म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सामना न्या, पण ज्याच्या दारातून नेताय त्याची भरपाई आधी ठरवा. पॅकर्सनी मिलवॉकीसाठी तीस वर्षांपूर्वी ते करून दाखवलंय.

लीगला यातून मिळतं काय?

नवे प्रेक्षक, आणि त्यांच्यामागून पैसा. अमेरिकेतल्या प्रसारण हक्कांचे २०२१ चे करार ११ वर्षांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलरचे. त्या देशात वाढायला आता जागा थोडी. पुढची वाढ बाहेरच.

अमेरिकेतले चाहते खरंच चिडतात का?

काही जण चिडतात, आणि मला ते पटतं. लंडनचा सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ९:३० ला असतो, म्हणजे सिअॅटल किंवा लॉस एंजेलिसला साडेसहा. रविवारी पहाटे उठून आपल्याच संघाचा ‘घरचा’ सामना टीव्हीवर बघायचा.

आपल्याकडच्या क्रिकेट रसिकांना हे समजायला जड जाऊ नये. २००९ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे अख्खी आयपीएल दक्षिण आफ्रिकेला गेली. मुंबई इंडियन्स खेळत होते, पण वानखेडे रिकामं होतं. ती नाइलाजाची गोष्ट होती. इथे नाइलाज नाही, लीग आपखुशीने सामने नेते. म्हणून भरपाईची जबाबदारीही जास्त.

दुसरी बाजूही आहे. कित्येक अमेरिकी कुटुंबं याच निमित्ताने सहल आखतात. डब्लिनला २८ सप्टेंबर २०२५ ला क्रोक पार्कवर स्टीलर्सनी वायकिंग्जना २४-२१ असं हरवलं. स्टीलर्सची मालकी असलेल्या रूनी घराण्याची मुळं आयर्लंडची. डॅन रूनी तर अमेरिकेचे आयर्लंडमधले राजदूत होते. असा सामना परदेशी वाटतच नाही, माहेरपणाला गेल्यासारखा वाटतो. नातं असेल तिथे सामना न्यावा, या मताचा मी आहे.

खेळाडूंचे हाल होतात का?

झोपेचे होतात. काही संघ आठवडाभर आधी जातात, काही गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी सकाळी उतरतात. कुठली पद्धत बरी, यावर प्रशिक्षकांचं एकमत नाही. पूर्वी परतल्यावर ‘बाय वीक’, म्हणजे सुट्टीचा आठवडा ठरलेला असे. आता बरेच संघ तो नाकारतात, कारण हंगामाच्या सुरुवातीलाच सुट्टी संपली तर पुढे सलग खेळताना दमछाक होते. पॅकर्सनीही २०२२ मध्ये लंडनहून येऊन लगेच पुढच्या रविवारी जेट्सशी सामना खेळला आणि २७-१० असा गमावला. तो मी पाहिलाय. पाय उचलत नव्हते. २०२५ मध्ये वायकिंग्ज तर सलग दोन आठवडे दोन देशांत खेळले, आधी डब्लिन, मग लंडन. असं करणारा तो पहिला संघ.

सॉकरच्या मैदानात अमेरिकन फुटबॉलचं मैदान बसतं का?

रुंदीला बसतं, लांबीला ओढाताण होते. दोन्ही टोकांचे एंड झोन (गुण मिळवायचे पट्टे) धरून हे मैदान १२० यार्ड, म्हणजे जवळजवळ ११० मीटर. सॉकरचं नेहमीचं मैदान १०५ मीटर. त्यामुळे कुठे कुठे एंड झोनच्या मागे जागाच उरत नाही.

टॉटनहॅमने यावर केलेला उपाय मला फार आवडतो. २०१९ मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्टेडियमचं हिरवळीचं मैदान तीन तुकड्यांत विभागून दक्षिण गॅलरीखाली सरकवलं जातं आणि खालून एनएफएलसाठीचं कृत्रिम मैदान उघडं होतं. हिरवळीला धक्का नाही, सॉकरवाल्यांची तक्रार नाही.

सगळीकडे अशी सोय नसते. १९ नोव्हेंबर २०१८ ला अस्तेकावर रॅम्स आणि चीफ्स यांची लढत होणार होती. पावसाने आणि इतर कार्यक्रमांनी मैदानाची इतकी वाट लागली की सहा दिवस आधी सामना लॉस एंजेलिसला हलवावा लागला. मेक्सिको सिटीच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून रॅम्स तेव्हा कोलोरॅडो स्प्रिंग्जला सराव करत होते. सामना झाला ५४-५१. दोन्ही संघांनी पन्नाशी ओलांडलेला लीगच्या इतिहासातला पहिला सामना, आणि मेक्सिकोच्या लोकांच्या हातून तो निसटला. तिथल्या चाहत्यांसाठी मला आजही वाईट वाटतं.

साओ पाउलोत ६ सप्टेंबर २०२४ ला ईगल्सनी पॅकर्सना ३४-२९ असं हरवलं तेव्हा खेळाडू गवतावर घसरत होते. शेवटच्या काही सेकंदांत आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जॉर्डन लव्ह गुडघा धरून खाली बसला. दुखापतीला मैदानच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण खेळपट्टी तयार आहे की नाही, याची खात्री तिकिटं विकण्याआधी व्हायला हवी.

साओ पाउलोचे सामने शुक्रवारी का झाले?

कायद्यामुळे. अमेरिकेत १९६१ चा क्रीडा प्रसारण कायदा आहे. शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलला फटका बसू नये, म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत एनएफएलला शुक्रवारी रात्री मोकळं रान नाही. पहिल्या आठवड्याचा शुक्रवार त्याच्या आधी पडला, तर वाट मोकळी.

परदेशातले प्रेक्षक खरे चाहते असतात की नुसते हौशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी म्युनिकचा सामना बघायला सांगतो. १३ नोव्हेंबर २०२२, अलियांझ अरेना, ६९,८११ प्रेक्षक. टॉम ब्रेडीच्या बकॅनिअर्सनी सीहॉक्सना २१-१६ असं हरवलं. चौथ्या क्वार्टरमध्ये एक जुनं अमेरिकन गाणं लागलं. ते थांबल्यावरही अख्खं स्टेडियम ते एका सुरात गात राहिलं. जर्मनीत ही आवड एका रात्रीत आली नाही. १९९१ ला सुरू झालेली आणि पुढे एनएफएल युरोप म्हणून ओळखली गेलेली लीग २००७ पर्यंत चालली, तिच्यात फ्रँकफर्ट गॅलक्सी, ऱ्हाइन फायर, बर्लिन थंडर असे संघ होते. त्या सामन्यांना बापाचं बोट धरून गेलेली मुलं आज स्वतः तिकीट काढतात. (क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरही त्याच लीगमधून, अॅमस्टरडॅमच्या संघातून वर आला आणि सुपर बोल जिंकला.)

लंडनला आणखी एक गोष्ट दिसते. सामना दोन संघांचा, पण गॅलरीत बत्तीसही संघांच्या जर्सी. ज्याचा संघ खेळतच नाहीये तोही आपली जर्सी घालून येतो, कारण वर्षातून एवढाच सण. पंढरीला कुठल्याही गावची दिंडी आली तरी वारी एकच, तसं काहीसं.

लंडनला स्वतःचा संघ मिळेल का?

मला नाही वाटत. वर्षातून दोन-तीन सामने भरवणं वेगळं आणि आठ घरचे सामने, तितकेच अटलांटिकपलीकडे, कर, व्हिसा, मध्येच करारबद्ध केलेला खेळाडू दोन दिवसांत हजर करणं, हे वेगळं.

हा प्रश्न नेहमी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सच्या नावाने निघतो. ते २०१३ पासून, २०२० सोडून, दरवर्षी लंडनला खेळतात. त्यांचे मालक शाहिद खान मूळचे लाहोरचे, लंडनचा फुलहॅम हा सॉकर क्लबही त्यांचाच आणि २०१८ मध्ये ते वेम्बली विकत घ्यायला निघाले होते. बोलणी फिसकटली. पण २०२४ मध्ये जॅक्सनव्हिलच्या नगर परिषदेने सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या स्टेडियम नूतनीकरणाला मंजुरी दिली. एवढा पैसा गावात ओतल्यावर संघ गाव सोडत नाही.

पुढे हे वाढणार का?

हो. २०२५ मध्ये सात सामने झाले: साओ पाउलो, डब्लिन, लंडनला तीन, बर्लिन, माद्रिद. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी १६ सामन्यांचं उद्दिष्ट उघडपणे बोलून दाखवलंय, म्हणजे प्रत्येक संघ वर्षातून एकदा बाहेर. ऐकायला अति वाटतं, पण मला त्यात न्याय दिसतो. आज ज्याची पाळी येते तो एकटा सोसतो. सगळेच गेले तर कुणाचं नुकसान दुसऱ्यापेक्षा जास्त नाही. अट एकच, यजमानपणही फिरतं राहावं.

२०२६ साठी मेलबर्नचा सामना जाहीर झाला, रॅम्सच्या यजमानपदाखाली आणि तोही एमसीजीवर. बॉक्सिंग डे कसोटी बघत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना त्या हिरव्या वर्तुळात यार्डांच्या रेघा बघणं वेगळंच वाटेल.

सुपर बोल परदेशात होईल?

गुडेल शक्यता नाकारत नाहीत. मला विचाराल तर होऊ नये. तो दिवस त्यांच्या घरचा आहे.

भारतात कधीतरी सामना होईल का?

नजीकच्या काळात नाही. आपल्याकडे त्या मापाचं स्टेडियम मिळेलही, पण खेळणारी मुलं कुठे आहेत? प्रयत्न झाला होता. २०१२ मध्ये इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली, तिच्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे आपले संघही होते. वडील भारतीय असलेला पॅकर्सचा लाइनबॅकर (बचावपटू) ब्रँडन चिलर तिच्या पाठीराख्यांत होता. लीग टिकली नाही. आशा आहे ती फ्लॅग फुटबॉलकडून. त्यात धडक नसते, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की खेळ तिथेच थांबतो. खर्च कमी, शाळेच्या मैदानावर होतो आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत तोही आहे.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

आपल्यासाठी परदेशातला सामना वरदान आहे. एरवी रविवारचा पहिला सामना रात्री साडेदहाला, नंतरचा पहाटे दोनच्या आसपास, रविवार रात्रीचा सोमवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास. लंडनचा सामना मात्र संध्याकाळी सात वाजता. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की जर्मनीचा आठला. साओ पाउलोच्या सामन्यांचा अपवाद, ते शनिवारी पहाटे होते. २०२३ पासून परदेशातल्या प्रेक्षकांसाठी लीगचा गेम पास (सामने बघायची वर्गणी) डॅझन या ऑनलाइन सेवेवर मिळतो. २०२५ चा साओ पाउलोचा सामना तर यूट्यूबवर फुकट होता.

पॅकर्सच्या लंडनच्या सामन्याला आई माझ्याशेजारी शेंगा सोलत बसली होती. मध्यंतराला आम्ही २०-१० असे पुढे. “अरे, हे सारखे थांबतात कशाला?” तिने विचारलं. मी चार डाउन (प्रयत्न), दहा यार्ड समजावलं. उत्तरार्धात जायंट्स इंच इंच पुढे सरकत राहिले आणि २७-२२ असे जिंकले. “तुझे ते हिरवे दमले रे,” आई म्हणाली. पहाटेच्या सामन्यात तिची अशी सोबत कधीच मिळाली नसती.

जुना एखादा सामना बघायचा तर कुठला?

२६ ऑक्टोबर २०१४, वेम्बली, फाल्कन्स आणि लायन्स. मध्यंतराला फाल्कन्स २१-०. मग लायन्स हळूहळू २१-१९ पर्यंत येतात आणि शेवटच्या क्षणी ४३ यार्डांवरून लायन्सचा मॅट प्रेटर फील्ड गोलला, म्हणजे खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवायला उभा राहतो. चेंडू बाहेर. फाल्कन्स उड्या मारायला लागतात. पण मैदानावर नियमभंगाची खूण म्हणून पंचांचा पिवळा रुमाल पडलेला आहे: लायन्सनीच चेंडू सुरू करायला उशीर केला. चूक त्यांची, दंड पाच यार्डांचा त्यांनाच, पण त्यामुळे हुकलेली किक धरली जात नाही. प्रेटर पाच यार्ड मागे येतो, पावलं मोजतो, ४८ यार्डांवरून पुन्हा मारतो. घड्याळ शून्यावर आणि चेंडू खांबांच्या मधून. २२-२१.